बनकरसाहेबांचं अ‍ॅव्हरेज

ज्याचं माप खरं, त्याला खोटं बोलावं लागत नाही.

हे वाक्य एखाद्या देवळाच्या कमानीवर कोरलेलं असावं असं वाटतं. आम्ही ते पेट्रोल पंपावर ऐकत असू. ते म्हणणारे बनकरसाहेब त्या वेळी गाडीच्या मागच्या बंपरवर दोन्ही हात टेकवून गाडी गदागदा हलवत असत, पंपावरचा माणूस नळी हातात धरून आभाळाकडे बघत असे आणि मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत असत. टाकी भरली असं पंपावरच्या माणसानं म्हटलं, म्हणून ती भरली असं साहेब मानत नसत. आत हवा राहते आणि हवेमुळे हिशेब चुकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडी हलवायची, बुडबुडे वर येऊ द्यायचे, मग आणखी घोटभर पेट्रोल ओतायचं. टाकीच्या गळ्याशी पेट्रोल चमकलं की झाकण लावायचं. पुढच्या खेपेला पुन्हा असंच काठोकाठ भरायचं, मधल्या किलोमीटरना मधल्या लिटरनी भागायचं. हा भागाकार ते तोंडी करत. कॉलनीत शिरल्यावर गाडीतून उतरायच्या आधीच काच खाली होई आणि माझ्या फाटकाकडे बघून आरोळी येई, "मास्तर, अठरा!"

मी कॉलेजात शिकवत असे, पण साहेबांच्या लेखी शिकवणारे सगळे मास्तर. त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज मला सांगण्यामागे काही खास जिव्हाळा होता असं नाही. माझं फाटक पहिलं लागायचं.

बनकरसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांतून निजामाच्या वेळचे शेर आणि पायल्या गोळा केल्या, आणि पुढची सगळी वर्षं किलोचा किलोच राहतो आहे ना, यावर पाळत ठेवली. भाजीवाल्याच्या तराजूखाली चिकटवलेलं चिंचेचं बोटूक त्यांना दहा पावलांवरून दिसायचं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ते तळहातावर किंचित खालीवर करत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाढप्याला घाम फुटे. चेहरा उभट, मिशी कातरलेली, बुशशर्टाची वरची गुंडी लावलेली. बोलणं मात्र नोकरीनं किंवा शहरानं बदललं नव्हतं. "माणसाचं काय, मास्तर, कमीजास्त व्हतंच. मापाचं व्हता कामा नाय." हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी कधी कुणाला सभेत ऐकवलं नाही, त्यामुळे बहुधा ते खरं असावं.

आमची कॉलनी मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. नळाला पाणी तेव्हाही रोज येत नव्हतं. आधी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग ज्या दिवशी येईल तो पाण्याचा दिवस. पाण्याच्या दिवशी कॉलनीत कुणी गावाला जात नसे, मुलगी बघायला पाहुणे बोलावत नसे आणि, शक्यतो, आजारी पडत नसे. प्रत्येकाच्या गाडीत, स्कूटरच्या पायाशी, एखादा रिकामा किंवा भरलेला कॅन असायचाच. ऑफिसातून, सासऱ्याच्या बोअरवरून, कुठून मिळेल तिथून माणसं पाणी आणत. त्या कॅनला आमच्याकडे कुणी सामान म्हणत नाही. गाडीत काय आहे असं विचारलं तर आम्ही "काही नाही" म्हणतो, आणि कॅन भरलेला असतो.

या पाणी भरण्याच्या कामात कौसल्याकाकूंचा, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा, हात धरणारं कुणी नव्हतं. काकू मूळच्या फुलंब्रीच्या. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि घराच्या बाहेर येऊन बोलायचं झालं तरी आवाज स्वयंपाकघरातून आल्यासारखा. नळाची पहिली फुस्स ऐकू आली की त्या हातातलं काम टाकून उठत. आधी पिण्याचं, फडक्यातून गाळून, मग स्वयंपाकाचं, मग आंघोळीचा ड्रम, शेवटी बादल्या. प्रत्येक भांड्यावर झाकण, झाकणाला फडकं. नळ गेल्यावर त्या एकदा सगळ्या भांड्यांवरून नजर फिरवत, तेव्हा त्यांचा चेहरा साहेबांच्या पेट्रोल पंपावरच्या चेहऱ्यासारखा होत असे. दोघांचा संसार का टिकला हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं. दोघांनाही काठोकाठ भरलेली वस्तू आवडत होती. आमच्या घरी कुणी ग्लासातलं उरलेलं पाणी मोरीत फेकलं की काकू भिंतीपलीकडून म्हणत, "ओतू नगा बाई. ओतलेलं पाणी माघारी येतं का?"

एका हिवाळ्यात गाडी फाटकाशी थांबली, काच अर्धीच खाली झाली, आणि साहेब म्हणाले, "सोळा."

मी पुस्तकातून मान वर केली. अठराचे सोळा होणं म्हणजे काय, हे मला गाडी नसतानाही कळत होतं. पुढच्या खेपेला पंधरा झाले. उन्हाळा लागता लागता गाडी तेरावर आली आणि तिथंच मुक्काम करून बसली.

कॉलनीत खळबळ उडाली, असं म्हणणं जरा जास्त होईल. पण रविवारी सकाळी साहेबांच्या गाडीभोवती पाचसहा माणसं उभी राहू लागली, आणि प्रत्येकाच्या हातात चहा असे. अध्यक्षपद आपोआप निकमसाहेबांकडे गेलं. निकम निवृत्त कार्यकारी अभियंता. निवृत्तीनंतर कार्य संपलं, पण अभियंता शिल्लक होता. ते कुठल्याही विषयावर बोलण्याआधी घसा साफ करून "मुळात" म्हणत. "मुळात, बनकर, इंजिन म्हणजे उष्णतेचं यंत्र." मग उष्णतेपासून सुरू झालेलं व्याख्यान चाकातल्या हवेपाशी येऊन थांबे, आणि चाकातली हवा तर साहेबांनी आदल्या दिवशीच तपासलेली असे.

"एअर फिल्टर?"

"बदलला."

"ब्रेक चिकटत असतील."

"चाक उचलून फिरवून बघितलं. भिंगरीवानी फिरतंय."

"मग पेट्रोलच भेसळीचं."

यावर साहेब पंपावर गेले आणि त्यांनी सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप मागितलं. त्या पंपावर ते माप पूर्वी त्यांनीच कैक वेळा मागितलेलं, त्यामुळे मालक स्वतः खुर्ची घेऊन आला. पेट्रोल मापात ओतलं, ते रेषेवर येऊन थांबलं. साहेब खाली बसून, एक डोळा मिटून त्या रेषेकडे बघत राहिले. "बराबर हाय," ते म्हणाले, आणि मालकाला नमस्कार करून निघाले. आरोपीला निर्दोष सोडताना त्यांना आनंद होत असे, पण तो ते दाखवत नसत.

मग गाडी रऊफ मिस्त्रींकडे गेली. रऊफभाईंचं गॅरेज मुकुंदवाडीच्या नाक्यावर, लिंबाच्या झाडाखाली. गॅरेज म्हणजे झाडच, त्याला एक पत्रा टेकवलेला. साहेबांची गाडी नवी होती तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. रऊफभाईंनी प्लग काढले, घासले, फुंकले, परत लावले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात पुन्हा. "प्लग कचरा पकडते, साब," ते आमच्यासमोर मोठ्यानं म्हणत, "जुनी गाडी है." हे सांगताना ते साहेबांकडे न बघता झाडाकडे बघत, हे माझ्या नंतर लक्षात आलं. बऱ्याच गोष्टी माझ्या नंतरच लक्षात आल्या. त्यातली एक अशी, की आम्ही हवा, पेट्रोल, प्लग, ब्रेक, उष्णता, सगळ्यांवर बोललो. ज्या माणसानं उभा जन्म वजनं तपासण्यात घालवला, त्यानं गाडीच्या बाबतीत वजनाचा विषय एकदाही काढला नाही. आणि आम्ही पाण्याच्या गावातली माणसं, आम्हालाही तो सुचला नाही.

साहेब दर रविवारी दुपारी काकूंना घेऊन फुलंब्रीला जात. माहेरची ओढ, असं आम्ही म्हणत होतो. खरं तर माहेरी ओढण्यासारखं आता कुणी उरलं नव्हतं. भाऊसुद्धा जाऊन काही वर्षं झाली होती. एका रविवारी मला त्या बाजूला काम निघालं आणि साहेबांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. काकू मागे होत्या. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं आणि विचारलं, "तुमी कुणाकडचे?"

पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्याला हा प्रश्न जरा नवा होता. मला वाटलं थट्टा आहे. मी म्हणालो, "तुमच्याच भिंतीपलीकडचा."

"बरं बरं," काकू म्हणाल्या. "बसा. जागा हाय."

सावंगी ओलांडल्यावर मागचं चाक बसलं. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, चाकाकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले. सुटं चाक डिकीत. डिकी उघडायला एवढा विचार कशाला लागतो, हे मला समजेना.

"मास्तर, तुमी जरा सावलीला थांबता का? मी करतो."

"अहो, तुमचं वय काय! द्या किल्ली इकडे." मी किल्ली घेतली आणि डिकी उघडली.

डिकीत पाणी होतं. तेलाचे जुने पाच-सहा डबे, सगळे भरलेले, प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. थंड पेयांच्या बाटल्या. दोन कळशा, कलंडू नयेत म्हणून जुन्या साडीत गुंडाळलेल्या. एक प्रेशर कुकर, झाकण बसवलेला, वर शिट्टीसुद्धा. चार कप्प्यांचा स्टीलचा जेवणाचा डबा. मी वरचा कप्पा उघडला, आत काठोकाठ पाणी. सगळ्यांच्या खाली, पोत्याखाली, सुटं चाक.

साहेब मागे येऊन उभे राहिले. काकू आत बसून खिडकीतून शेताकडे बघत होत्या.

"हळू काढा," साहेब म्हणाले. "सांडू नगा. तिला आवाज ऐकू जातो."

आम्ही एकेक भांडं रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडलं. येणारे-जाणारे बघत होते. एका मोटरसायकलवाल्यानं थांबून विचारलं, "इकायचंय का?" साहेबांनी नाही म्हटलं. चाक बदलताना ते खाली बसून बोलले, नटाशी बोलावं तसं, माझ्याकडे न बघता.

"दीड वरीस झालं. आधी चष्मा सापडंना, मग गॅस बंद करायचा ऱ्हाऊन जायचा. म्हातारपण म्हणलं. आता एकच धरून बसलीय. फुलंब्रीची विहीर आटलीय म्हणती. आईला पाणी नाय. आपून न्यायचं. नळ आला की घरातलं भरती आन् मग गाडी भरती. रविवारी मी तिला घेऊन निघतो. फुलंब्रीच्या शिवेपतूर जातो, माघारी वळतो. ती इचारती, पोचलं का पाणी? मी म्हणतो, पोचलं. तिला लई बरं वाटतं. घरी येऊस्तवर इसरती. पुन्यांदा भरती."

"मग मधल्या वेळात काढून ठेवायचं. ओतून टाकायचं."

"ओतलेलं तिला दिसतं, मास्तर. डोळ्याला काय झालेलं नाय." नट घट्ट करून त्यांनी पाना खाली ठेवला. "पुण्याला नेली व्हती ना, आपल्या संदीपकडं. दोन महिने. तिथं चोवीस तास पाणी. हिनं कामून थांबावं? भरतच ऱ्हायली. सून चांगलीय वो, तिचा दोष नाय. भाजीला पातेलं लागतं, पातेल्यात पाणी. ती ओतायची. ही गॅलरीत बसून रडायची, घरातलं कुणी गेल्यावानी. शेजारचे इचारायला यायचे, कोण वारलं म्हणून. मग एक दिवस जेवायचीच बंद झाली. मी उचलून घेऊन आलो. आता संदीपला कळलं की आई पुन्हा बिघडली, तर तो दोघांनाबी न्यायला येतो. आन् पुण्यात ती जगत नाय. एवढंच हाय, मास्तर. दुसरं काय नाय."

एवढंच होतं. मला मात्र एक शंका विचारल्याशिवाय राहवेना. शंका येणं हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

"पण मग तो पंप, मिस्त्री, निकमांची व्याख्यानं? कारण तर तुम्हाला माहीत होतं."

साहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "बनकरच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं आन् बनकर गप बसला, तर कॉलनीत पयला सवाल काय येईल?"

हे खरं होतं. "मग पडलं हे तरी कशाला सांगत होतात? अठराच सांगत राहायचं. कोण बघायला येणार होतं?"

त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांना लाच घ्यायला सांगितली होती. "माप खोटं सांगायचं?" ते म्हणाले. "काय बोलता, मास्तर."

त्या माणसानं दीड वर्ष सगळ्या कॉलनीला, पोटच्या मुलाला, पंपाच्या मालकाला आणि दर रविवारी बायकोला खोटं सांगितलं होतं. आकडा मात्र प्रत्येक वेळी खरा सांगितला होता. ज्याचं माप खरं त्याला खोटं बोलावं लागत नाही, हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

पाण्याची भांडी पुन्हा डिकीत लावून आम्ही फुलंब्रीच्या शिवेपर्यंत गेलो. साहेबांनी गाडी वळवली. मागून आवाज आला, "अवं, पोचलं का पाणी?"

"पोचलं," साहेब म्हणाले.

"आई काय म्हणली?"

हा प्रश्न नेहमीचा नसावा. साहेब अडखळले. मी म्हणालो, "आई म्हणाली, लेक गुणाची आहे."

"तुमी कुणाकडचे?" काकूंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता समाधानानं डोळे मिटले.

यापुढे रविवारच्या सभेत मीही मतं मांडू लागलो. कार्बुरेटर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वापरला. निकमसाहेबांनी माझ्या अज्ञानाची मनसोक्त चिरफाड केली आणि त्यात दोन-तीन रविवार सहज निघाले. रऊफभाईंना तर आधीपासून माहीत होतं. गाडी मागून किती खाली बसली आहे हे त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. मी गॅरेजवर गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "साब ने बोले, रऊफ, डिकी नै खोलने का. मैं नै खोला. प्लग मेंच हात घालता. वोइच प्लग, साब. पोंछ के वापस." आणि मग, जरा थांबून, "मेरी अम्मी बी आखिर में ऐसेच थी. चूल्हे को लकडी लाव बोलती थी. घर में गॅस था." या कामाबद्दल त्यांनी साहेबांकडून कधी काही घेतलं नाही. न केलेल्या कामाचं काय घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीला संदीप आला. संदीप वाईट मुलगा नव्हता. अशा गोष्टींत कुणीतरी वाईट असलं तर बरं पडतं, पण तशी सोय इथं नव्हती. तो पुण्यातल्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता, आईवर त्याचा जीव होता, आणि कुठलीही अडचण दिसली की ती दुपारपर्यंत सोडवायची अशी त्याला सवय होती. पाडव्याच्या सकाळी निकमसाहेबांनी त्याला फाटकाशी गाठलं. "मुळात, संदीप, तुझ्या वडिलांच्या गाडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही." आणि त्यांनी हवेपासून सुरुवात केली. संदीप म्हणाला, "स्टेपनीतसुद्धा हवा कमी असेल. बघतो." किल्ली दिवाणखान्यात खिळ्याला असायची.

मी माझ्या फाटकापाशी होतो. साहेब आत दाढी करत होते. डिकी उघडल्याचा आवाज आला. मग संदीपनं पहिला डबा उचलला, फडकं सोडलं आणि पाणी जास्वंदीच्या आळ्यात ओतलं. मग दुसरा. मी "थांब, थांब" म्हणत धावलो. पण तो रागानं ओतत नव्हता, तो मदत करत होता, आणि मदत करणाऱ्या माणसाला थांबवणं फार अवघड असतं. तिसऱ्या डब्याला काकू दारात आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. आधी त्यांना कळलंच नाही, किंवा विश्वास बसला नाही. मग पायऱ्या उतरून त्या आळ्यापाशी आल्या, खाली बसल्या आणि मातीत मुरणाऱ्या पाण्याला दोन्ही हातांनी बांध घालू लागल्या. "दादा, ओतू नगं रं," त्या संदीपला म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचा भाऊ. "आई तहानलीय. उद्या नळ नाय रं."

साहेब बाहेर आले. अर्ध्या गालाला फेस. त्यांनी मुलाकडे पाहिलं, निकमांकडे पाहिलं. कट्ट्यावरचा तांब्या उचलून ते बायकोशेजारी चिखलात बसले आणि आळ्यातलं गढूळ पाणी तांब्यानं डब्यात भरू लागले. काकू ओंजळीनं, ते तांब्यानं. थोडं भरलं की काकू डब्यात डोकावून बघत.

"बाबा," संदीप म्हणाला. "हे कधीपासून?"

"प्लगचा प्रॉब्लेम हाय," साहेब म्हणाले.

संदीप पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निकमसाहेब प्रथमच मुळात काय आहे ते न सांगता घरी गेले.

भाऊबीज झाल्यावर संदीप दोघांना पुण्याला घेऊन गेला. दुसरं काय करणार होता? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त जास्त उशिरा आणि जास्त विचार करून. सुनेनं या वेळी एकही भांडं ओतलं नाही, असं मला नंतर कळलं. स्वयंपाकाला तिनं दुसरी भांडी आणली. पण गाडी तिथं नव्हती, फुलंब्री नव्हती, रविवार नव्हता. पाणी भरलेलं राहिलं, ते पोचवायला कुणी निघेना. काकूंनी काही दिवस दाराकडे बघितलं, मग बघणं सोडलं. होळीच्या आधी त्या गेल्या.

साहेब उन्हाळ्यात एकटे परत आले. संदीपनं राहा म्हणून फार आग्रह केला. साहेब म्हणाले, गाडी उभी राहून खराब होते. परत आल्यावर चार दिवसांनी त्यांनी गाडी काढली, रऊफभाईंकडून बॅटरी भरून घेतली, पंपावर जाऊन टाकी भरली आणि गाडी हलवून हवा काढली. हलवताना त्यांना दम लागला, तेव्हा पंपाचा मालक स्वतः बंपरला लागला. मी मनात म्हणालो, आता अठरा येणार. आता अडवायला काय आहे? आणि तो अठरा ऐकायचा माझ्यात धीर नव्हता. काच खाली होईल आणि ते काय आवाजात सांगतील, याची मी दोन आठवडे धास्ती घेतली होती.

गाडी आली. काच पूर्ण खाली झाली.

"मास्तर, तेरा!"

जुन्या अठराच्या वेळी लागायचा तोच आवाज. तोंडभर, वर जाणारा. मी फाटकाशी आलो. गाडी पुढे गेली, तेव्हा मागून ती तेवढीच खाली बसलेली दिसली.

पुढे एकदा पाण्याच्या दिवशी मी भिंतीवरून पाहिलं. साहेब नळाखाली डबे लावत होते. आधी फडक्यातून गाळून, मग झाकण, मग फडकं, काकूंच्या क्रमानं. प्रेशर कुकरला शिट्टी लावायला ते विसरले, मग परत आत जाऊन शिट्टी घेऊन आले. मला पाहून म्हणाले, "रविवारी जायचंय ना." दोन वर्षं ते दर रविवारी एकटे फुलंब्रीच्या शिवेपर्यंत जाऊन आले. कधीकधी मी बरोबर असे. गाडी वळवल्यावर ते क्षणभर थांबत, कुणी काही विचारतंय का याची वाट बघितल्यासारखे, आणि मग गिअर टाकत. अ‍ॅव्हरेज तेराच्या वर गेलं नाही. गेलं असतं तर मला वाटतं त्यांनी ते मोठ्या दुःखानं, पण खरंच सांगितलं असतं.

ते गेले ते झोपेत. पहाटे दुधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडेना, आम्ही खिडकीतून हात घालून कडी काढली. संदीप दुपारपर्यंत आला. सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं डिकी उघडली. मी पलीकडून बघत होतो. त्यानं एकेक डबा दोन्ही हातांनी उचलला, घरात नेला, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवला. एक थेंब सांडला नाही. कुकर नेताना तो मध्येच थांबला आणि त्यानं शिट्टी नीट बसली आहे का ते बघितलं.

दहाव्यानंतर कॉलनीनं शोकसभा ठेवली. मारुतीच्या ओट्यावर सतरंजी, खुर्चीवर साहेबांचा फोटो. फोटोत वरची गुंडी लावलेली. अध्यक्ष निकमसाहेब. ते मुळातपासून सुरू झाले. बनकर म्हणजे सचोटीचा मानदंड. बनकर म्हणजे सत्याचा तराजू. एवढ्या तज्ज्ञांनी विचार करूनही त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज का पडलं हे कोडं अखेर सुटलं नाही, मानवी ज्ञानाला मर्यादा असतात. पाडव्याची सकाळ डोळ्यांनी पाहिलेले निकमसाहेब हे सांगताना मारुतीकडे बघत होते. रऊफभाई पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सतरंजीकडे पाहिलं. संदीप पुढे बसला होता. तो उठून काही बोलेल असं मला एकदा वाटलं. त्यानं पुढे वाकून फोटो सरळ केला. मग निकमसाहेब म्हणाले, दिवंगत आत्म्याच्या शांतीसाठी आपण सर्व जण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

आम्ही उभे राहिलो. माना खाली घातल्या. त्या शांततेत देवळामागच्या सार्वजनिक नळातून फुस्स असा आवाज आला.

तो पाण्याचा दिवस नव्हता. आधी मागची रांग गेली, बायकांची. मग मधली. पायांचा आवाज होऊ नये याची सगळ्यांनी काळजी घेतली, निदान ओट्याच्या पायरीपर्यंत. निकमसाहेबांनी एक डोळा उघडला, माणसं मोजली आणि फोटोला घाईनं नमस्कार करून तेही निघाले. त्यांची टाकी वरच्या मजल्यावर होती, मोटर लावायला वेळ लागतो. संदीप सगळ्यांच्या पुढे धावत होता. त्याच्या घरातली भांडी सगळी भरलेली होती, पण ते त्याला आठवलं नसावं.

पाणी पाऊण तास होतं. प्रेशर चांगलं होतं.